वाळूवरचा जवळा

"जवळ्यावर खुशाल बोला बाई, पण जवळा हॉलमध्ये आणू नका," असं प्राचार्यांनी मला बजावलं, तेव्हाच मी ठरवलं की जवळा आणायचाच.

पालघरच्या एका नव्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. मूळची मी नगरकडची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं, नवऱ्याला तिथे नोकरी लागली, म्हणून आम्ही इकडे आलो. जवळा, म्हणजे ती नखाएवढी सुकी कोळंबी, मी इथेच पहिल्यांदा चाखली आणि पहिल्याच घासाला दाताखाली रेती करकरली. किनाऱ्यावरची माणसं जवळा वाळूवरच पसरून सुकवत. मिठाच्या पाण्यात धुऊन चटईवर सुकवला तर रेती लागत नाही आणि तो पावसाळाभर टिकतो, हे मी दोन हंगाम उन्हात उभी राहून सिद्ध केलं. मग त्यावरचा निबंध मुंबईच्या एका परिषदेत इंग्रजीतून वाचला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांच्या कानावर त्यातलं अक्षरही गेलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे महिन्यातून एकदा कुणीतरी प्राध्यापक आपलं संशोधन बाकीच्यांपुढे मांडत असे. माझी पाळी आली तेव्हा मी विद्यार्थ्यांनाही बोलावलं आणि मराठीत बोलायचं ठरवलं. किनाऱ्यावरच्या घिवली-चिंचणीची मुलं जवळ्याचा डबा खायला कंपाउंडबाहेर जात. घिवलीची जमना तर वास येईल म्हणून डबाच आणत नसे, दुपारी नुसतं पाणी पिई. मला तिची ही लाज त्याच हॉलमध्ये मोडायची होती.

मी भाजलेल्या जवळ्याचे दोन डबे टेबलावर उघडले. गणिताच्या आत्माराम सरांनी नाकाला रुमाल लावला.

"हे संशोधन आहे की स्वयंपाक?"

"दोन्ही," मी म्हणाले आणि बोलत राहिले.

नमुना कुठून घेतला हे सांगायचा शास्त्राचा नियम आहे, म्हणून तेही सांगितलं. "चटईवरचा मी स्वतः सुकवलेला. वाळूवरचा पालघरच्या बाजारात येसूबाईंकडून घेतलेला."

मागच्या बाकावर जमनाची मान खाली गेली. दोघं-तिघं तिच्याकडे वळून हसले. "तिचीच आई," कुणीतरी कुजबुजलं आणि मला कळलं. जिची लाज मोडायला निघाले होते, तिलाच मी चारचौघांत उघडं पाडलं होतं.

तिथेच थांबावंसं वाटलं. पण थांबले असते तर येसूबाईंचा जवळा खरोखरच लपवण्याजोगा आहे, असं मीच ठरवून टाकलं असतं.

"दोन्ही डब्यांतलं चाखून फरक कोण सांगेल?" मी विचारलं.

जवळ्यावर वाढलेली मुलं छताकडे बघत बसली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. अखेर जमना उठली. ती सरळ टेबलाशी आली. पहिल्या डब्यातला चिमूटभर जवळा तिने तोंडात टाकून सावकाश चावला. मग दुसऱ्यातला.

"यात रेती नाय," ती दुसऱ्या डब्यावर बोट ठेवून म्हणाली. मग आत्माराम सरांकडे वळली. "पयल्यात हाय. तो आमचा हाय, सर. माझी आय इकते. त्याच्यावरच मी हितं शिकते."

आता हसायला कुणी उरलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की पुढचं वाक्यच सुचेना.

ते तिनेच सुचवलं. "बाई, मीठ कवा घालायचा, चटई कंची घ्यायची, सगला पयल्यापासून सांगा. पण हलू सांगा. आय मला उलटसुलट इचारनार, आन् मी अडकले तर ती आयकायची नाय."

ती पहिल्या रांगेत, आत्माराम सरांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून, हळू सांगायला लागले.