डोकं सगळ्यात शेवटी

माझ्या सासूबाई विमान चालवतात, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी सासूची चेष्टा करतेय. पण त्या खरंच कॅप्टन आहेत, खांद्यावर चार पट्ट्या असलेल्या. घरी पट्ट्या उतरतात, कॅप्टनकी उतरत नाही. गॅस बंद केला की मोठ्याने "गॅस बंद" म्हणायचं आणि समोरच्याने तेच पुन्हा म्हणून दाखवायचं. नवऱ्याला ही सवय जन्मापासूनची. मलाही लागली, आणि लागली याचाच राग जास्त.

त्यात बाळ झालं. आता आठ महिन्यांचा आहे. कुशीत असा झोपतो की हातपाय कुठेही लोंबतात, आणि खाली ठेवला की डोळे टक्क उघडे. सासूबाईंनी ठेवला तर मात्र ढिम्म. त्यांची रीत ठरलेली. आधी बूड, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. आणि डोक्याखालचा हात काढायची घाई नाही. माझं पाठीपर्यंत छान जमायचं. मग धीर सुटायचा आणि हात सटकन बाहेर. त्या दारातून नुसतं "घाई" म्हणायच्या. एकच शब्द, पण तो मला दिवसभर पुरायचा.

शेवटी आम्ही दोघांनी गुपचूप वेगळं घर घेतलं, चार गल्ल्या पलीकडे. चावी माझ्या पर्समध्ये. माहेराहून परतले की मीच सांगेन, असं नवऱ्याला ठणकावून आले होते. सासूबाईंनी काय करावं? नातवाला आणायचं म्हणून ड्यूटी बदलून नेमकं आमचंच विमान घेतलं. जिला सांगायची माझी छाती होत नव्हती, तीच मला घ्यायला आली, आणि तीही दीडशे माणसं सोबत घेऊन.

माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर होते. विमान सुटताना बाईचा आवाज ऐकून त्यांनी कॅप्टन बाई आहे का, असं विचारलं आणि पट्टा आणखी आवळला. मी नातं सांगितलं नाही. बाळाने मात्र पुढचा तासभर घरच्याच विमानात असल्यासारखा गळा काढला.

उतरायची वेळ झाली, घरांच्या गच्च्या दिसायला लागल्या, आणि विमान टेकायचं सोडून पुन्हा वर चढलं. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला, घरी गॅस बंद आहे का विचारतात तोच. मागची चाकं बाहेर आलीत, पुढचं येत नाहीये, सगळे उपाय करून झाले. इंधन कमी होईपर्यंत आपण फिरत राहू.

"मग मागची चाकं आधी टेकतील," त्या म्हणाल्या, "पुढचा भाग सगळ्यात शेवटी. घाई करायची नाही."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. या बाईंना जमेल का हो, असं त्यांनी मला विचारलं, जणू मी त्यांना रोज बघते. रोजच बघत होते. मी त्यांना सांगितलं, "जमेल. त्यांचा हात हलका आहे."

बोलले खरी, पण पट्टा मीही आणखी आवळला. विमान तासभर घिरट्या घालत राहिलं. रडून दमलेलं पोर तेवढ्यात माझ्या छातीवर झोपून गेलं, तोंड उघडं, एक मोजा गायब. हवाई सुंदरी प्रत्येकापाशी थांबून तपासत होती.

"बाळाचा पट्टा?"

"बाळाचा पट्टा लावला," मी खणखणीत म्हणाले. आमच्या घराण्याला शोभेल असं.

मग सगळे वाकले. मी बाळावर वाकले, त्याच्या डोक्याखाली तळवा धरून. मागची चाकं टेकली. बूड, मी मनात म्हटलं. विमान धावत होतं आणि पुढचा भाग अजून हवेतच होता. पाठ. आता टेकवा ना, आता टेकवा, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. त्या टेकवेनात. वेग कमी होत गेला, आणखी कमी, आणि मग डोकं. खालून लोखंड खरडल्याचा भयंकर आवाज आला, खिडकीबाहेर ठिणग्या उडाल्या, आणि विमान थांबलं.

बाळ झोपलेलंच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा दचकून उठलं.

सामान तिथेच सोडून आम्ही दाराला फुगवलेल्या घसरगुंडीवरून बाहेर पडलो. डॉक्टर तर बूटही सोडून. सासूबाई शेवटी उतरल्या, एकेक रांग तपासून. विमानतळाच्या खोलीत आल्या तेव्हा लोक हात जोडत होते, फोटो मागत होते. त्या सरळ आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "कोणी उठवलं त्याला?"

मी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. ते नुसत्या मोज्यांवर अवघडून उभे होते.

बाळ पुन्हा पेंगायला लागलं. मी सवयीने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले. तेव्हा मला दिसलं, दोन्ही हात कापत होते.

"आज तू ठेव," त्या म्हणाल्या.

कोचावर माझी ओढणी पसरली. बूड. पाठ. डोकं. हात तसाच ठेवला. मुंग्या आल्या तरी ठेवला. मग एकेक बोट काढलं. बाळाने एक सुस्कारा टाकला आणि झोपून राहिलं. "घाई" ऐकू आलं नाही, म्हणजे शाबासकीच.

"पर्स आतच राहिली?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"पर्स आतच राहिली."

"नव्या घराची चावी त्यातच असेल."

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाल्या, तुझा नवरा माझ्याच पोटचा आहे, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

"आई, रागावलात?"

त्यांनी गणवेशाचा खिसा चाचपला आणि एक चावी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. नवी कोरी, आमच्याच नव्या घराच्या कुलपाची, जोडीची.

"आमच्या कामात प्रत्येक गोष्ट दोन असते," त्या म्हणाल्या. "ही आज तुला. उद्या परत."

"उद्या परत," मी म्हणाले.