करवतीचं दुसरं टोक

निनाद कंपनीच्या ट्रेनिंगसाठी मिलानला जाऊन आला आणि तेव्हापासून त्याच्या अंगात इटली आली. त्याने पाहिलेली इटली म्हणजे विमानतळ, हॉटेल आणि हॉटेलच्या तळघरातला हॉल. पण अंगात यायला देवळातच मुक्काम करावा लागतो असं थोडंच आहे? लग्नाआधीचा घरातला संगीताचा कार्यक्रम रद्द झाला. त्याऐवजी दुबई मरीनातल्या त्याच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये इटालियन संध्याकाळ ठरली. शनिवारचं लग्न तेवढं आपल्या पद्धतीने, कारण गुरुजी ऐकेनात.

नवरी वैभवी हॉलमध्ये शिरली तेव्हा आधी तिला वास भेटला. छताला प्लास्टिकचे द्राक्षवेल टांगले होते आणि इटली वाटावी म्हणून त्यांच्यावर लिंबाचा रूम फ्रेशनर मारला होता. खाली कांदा-लसूण नसलेला लझानिया तापत होता. त्या दोन वासांचं लग्न आधीच लागलं होतं आणि ते तिच्या नाकात नांदायला आले होते.

इव्हेंटवाली नबिला माइकवरून हिंदीत समजावत होती. इटलीत पाहुण्यांना साखरेत घोळवलेले पाच बदाम देतात. पाचाचे दोन सारखे भाग होत नाहीत, तसा जोडाही फुटू नये म्हणून. कुणी काही मंगल केलं की सगळ्यांनी ‘आऊगुरी’ ओरडायचं, म्हणजे शुभेच्छा. पाहुण्यांनी सराव म्हणून दोनदा ओरडून घेतलं. निनादचे बाबा, राजनराव, ओरडले नाहीत, कारण त्यांचं तोंड भरलेलं होतं. दातांमुळे त्यांना बदाम चावत नव्हते. ते वरची साखर चोखत आणि आतला ओला बदाम परत वाडग्यात ठेवत. मग तोच वाडगा आग्रहाने पुढे करत. लोक घेत होते. वाडगा आपल्यापर्यंत येण्याआधी वैभवी दोन पावलं मागे सरली.

तरी ती थांबली होती, ती ओंडक्यासाठी.

त्याचं असं होतं की निनाद स्वतः काही करतच नसे. कपडे लाँड्रीवाला नेई, डबा येई, गाडी बिल्डिंगखालचा माणूस धुई. दुबईत सगळ्यांचंच असं असतं, हे वैभवीला मान्य होतं. पण तिला मागणी घातली तो मेसेजसुद्धा त्याने ऑफिसातल्या एमान नावाच्या सहकाऱ्याकडून लिहून घेतला होता. एमानने मन लावून लिहिला होता. खरं पाहता वैभवी हो म्हणाली ती एमानला. हे कळल्यापासून त्याचा प्रत्येक मेसेज ती दोनदा वाचे, कुणी लिहिला असेल म्हणून. म्हणून इटलीच्या सगळ्या प्रथांतून तिने एकच मागून घेतली. नवरा-नवरी सगळ्यांसमोर दोन मुठींच्या करवतीने एक ओंडका कापतात, ती. “एवढं तरी आपण दोघांनी करायचं. तिसरं कुणी नाही,” असं तिने बजावलं होतं. तो “डन, बेबी” म्हणाला होता. तिच्या आईबाबांचं विमान उद्या पुण्याहून येणार होतं. ते उतरण्याआधी तिला बघायचं होतं, हा माणूस दुसरं टोक धरतो की नाही.

ओंडका आला. कुणीतरी त्याला हळदकुंकू लावून आधीच त्याची क्षमा मागितली होती. निनादने मूठ धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. अशी करवत आपल्या बाजूला ओढायची आणि सोडायची, बस. निनाद ढकलत होता. पातं वाकडं होऊन म्हशीसारखं रेकत होतं. थोडं आत गेल्यावर ते अडकलं आणि चिरेतून पिवळं, चिकट काहीतरी वर आलं. जळक्या नेलपॉलिशचा वास सुटला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

“ही काय घाण आहे?” वैभवीने विचारलं.

नबिलाने आधी निनादकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि शेवटी हळूच सांगून टाकलं. सरांनीच ओंडका आधी मशीनवर कापून, परत चिकटवून आणायला सांगितलं होतं. मॅडमना कळू द्यायचं नव्हतं. दुकानदाराने तो होड्या जोडायच्या गोंदाने चिकटवला होता.

“अगं, तुला त्रास नको म्हणून,” निनाद म्हणाला. त्याच्या बोटाला गोंद लागला होता. तो त्याने टेबलक्लॉथला पुसला, मग सॅनिटायझर शोधला आणि ट्रे घेऊन चाललेल्या वेटरला खूण केली. “रामेश्वर, यल्ला, चलो, इधर पकडो. मॅडम के साथ.”

रामेश्वरने ट्रे खाली ठेवला.

“त्याला गावी बायको आहे,” मागून आवाज आला. निनादची आई, छायाकाकू, उठून आल्या होत्या. “त्याला कशाला अडकवतोस?”

त्यांनी पैठणीचा पदर खोचला, करवत चिरेतून उपसली आणि चिरेपासून चार बोटं अंतरावर लावली. तिथे गोंद नव्हता, नुसतं लाकूड होतं. “धर,” त्या वैभवीला म्हणाल्या.

काकू ओढत तेव्हा वैभवी सोडे, आणि वैभवी ओढे तेव्हा काकू सोडत. लाकडाचा भुसा भराभर खाली पडू लागला. लांबून राजनराव म्हणाले, “छाया, पाणी देतेस का?” काकूंनी मान वळवली नाही.

“याचे बाबाही असेच,” त्या ओढता ओढता म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून मी एकटी दोन्ही मुठी ओढत्येय. मला वाटलं होतं, हा तरी…” पुढचं त्यांनी लाकडावर काढलं.

ओंडका धाडकन दुभंगला. पाहुणे सवयीने ‘आऊगुरी’ ओरडले. कुणीतरी दोघींवर बदाम फेकले. त्यातले काही ओले होते.

“सो हू गॉट मॅरीड?” एका मुलीने आपल्या आईला विचारलं. आईने तिला लझानिया भरवला.

निनाद लगबगीने आला. त्याने ओंडक्यावर एक पाय ठेवला, आईच्या हातातली मूठ घेतली आणि फोटोग्राफरला बोलावलं. “बेबी, तू तिकडून धर. कापतोय असं दाखवू. फोटोत कुणाला कळतंय?”

वैभवीने त्याच्याकडे नीट पाहिलं. आजवर गिळलेलं सगळं आता थेट तोंडात आलं. ओला बदाम तोंडात यावा, तसं.

“शनिवारी मी येणार नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? हॉटेल बुक आहे.”

“मग माझ्या जागीही कुणाला तरी पाठव.”

तिने करवत खाली ठेवली आणि लिफ्टकडे निघाली. आईबाबांना काय सांगायचं, हे ती मनात जुळवत होती. लिफ्टचं दार मिटता मिटता एक पैठणी आत घुसली.

टॅक्सीत छायाकाकू तळहातात घुसलेलं कुसळ नखाने काढत होत्या. फोन वाजत होता, तो त्यांनी पर्समध्ये खाली दाबला.

“तू राहतेस तिथे एक माणूस मावेल?”

“इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत आम्ही तिघी आहोत, काकू. आणि बाथरूम बघवणार नाही. मोरीच्या जाळीत कायम आमच्यातल्या फिरदोसच्या केसांचा गुंता असतो.”

काकूंनी तोंड वाकडं केलं. पूल येईपर्यंत विचार केला.

“बाईचे आहेत ना?” त्या म्हणाल्या. “मग चालेल.”