दातांच्या दवाखान्यातलं शेवाळ

खाऱ्या पाण्याची टाकी दवाखान्यात आली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी स्वतःच्या लग्नातही केला नसेल एवढा थाट केला. पांढरे दगड, बोटभर प्रवाळ, वर निळसर दिवा आणि आत एक नारिंगी मासा. लोकांना "आ करा, अजून मोठा आ करा" सांगून सांगून डॉक्टरांचा घसा बसला होता. हा मासा त्यांना बघताच न सांगता आ करायचा. डॉक्टरांचा त्याच्यावर जीवच जडला.

मग शेवाळ आलं. आधी दगडांवर तपकिरी पूड पसरली, मग हिरवे केस उगवले आणि बघता बघता प्रत्येक दगडाला दाढी फुटली. प्रवाळ अंग चोरून बसलं. काच अशी माखली की मासा कुठल्या कोपऱ्यात आहे ते अंदाजानेच ठरवायचं.

डॉक्टरांची बायको डोळ्यांची डॉक्टर. तिची खोली शेजारचीच, पेशंटना बसायला बाहेरची जागा दोघांत मिळून एक.

"माझे पेशंट ती टाकी बघतात आणि मोतीबिंदू वाढला म्हणून रडत आत येतात," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत काचेतून पलीकडचं दिसलं नाही, तर टाकी माशासकट जाणार. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

"अगं, माशासकट?"

"मग मासा काय कपाटात ठेवणार आहात?"

डॉक्टर चवताळून कामाला लागले. सगळे दगड बाहेर काढून त्यांनी दातांवरचं कीटण काढायच्या हत्याराने खरवडले. काही फटींत तर आरसा घालून बघितलं. दुसऱ्या दिवशी दाढी परत हजर, वर मिश्या नव्या. माशांच्या दुकानदाराला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "नवी टाकी आहे साहेब, असं होतंच. खाणं किती टाकता?"

"सकाळी एक चिमूट. शपथ घेऊन सांगतो."

"मग कोडंच आहे," म्हणून त्याने फोन ठेवला.

शेवटी डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायचं यंत्र टाकीला लावलं. नळी आत सोडली आणि बटण दाबलं. शेवाळाचे झुबके सरासरा आत गेले, काचेतून थोडं दिसायलाही लागलं. डॉक्टर खूश होऊन शीळ घालायला लागले, तेवढ्यात यंत्राने "घ्र्र्रुक" असा आवाज काढला आणि मासा दिसेनासा झाला.

डॉक्टरांनी झटकन यंत्राची बाटली उघडली आणि हिरव्या लगद्यात कोपरापर्यंत हात घातला. लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई बाकावरून हे सगळं बघत होत्या.

"जावईबापू, तो काय, दगडामागे थरथरतोय बिचारा! तुम्हाला घाबरलाय. मीसुद्धा घाबरले."

डॉक्टर तिथेच फरशीवर बसले. बाटलीत अडकली होती ती त्यांच्याच सदऱ्याची गुंडी.

शुक्रवारी खुर्चीत एक शिंपी होता. दाढा किडून काळ्याठिक्कर.

"गोड खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! दिवसातून एक बिस्किट."

"एका बिस्किटाने एवढी कीड?"

"बायको एकच देते. मग सूनबाई एक देते, तिला वाटतं मी उपाशी. दुकानात कारागीर एक पुढे करतो. शेजारीण एक देते. पण प्रत्येकजण एकच देतो हो, देवाशपथ!"

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. तोंडात कापसाचे बोळे घातलेल्या शिंप्याला तसाच टाकून ते बाहेर धावले.

"माशाला खाणं कोण कोण टाकतं?"

रिसेप्शनवरच्या काकू हळूच म्हणाल्या, "मी दुपारी एक चिमूट टाकते. तो माझ्याकडे असा बघतो ना!"

आतल्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या तंत्रज्ञाने मान बाहेर काढली. "संध्याकाळी मी. मला वाटलं, कुणाच्या लक्षात राहत नाही."

"चिमूटभरच?"

"माझी चिमूट जरा मोठी आहे."

"आणि आई, तुम्ही?"

"उगाच पोरगं उपाशी झोपायला नको," सासूबाई ताठ्यात म्हणाल्या. "मी चमच्याने घालते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. माशाने न खाल्लेलं सगळं तळाशी कुजत होतं आणि त्यावर शेवाळाच्या रोज पंगती उठत होत्या. ते तावातावाने बायकोच्या खोलीत शिरले. "सापडलं! सगळे मिळून खायला घालताहेत! मला थोडी मुदत दे. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग."

बायको चष्म्याच्या काचा पुसत राहिली. पुसून झाल्या तरी पुसत राहिली.

"अगं, बोल ना."

"मी शेवटचा पेशंट गेला की टाकते," ती खाली बघत म्हणाली. "तेव्हा तो फार एकटा दिसतो."

"तू? तू तर त्याला विकायला निघाली होतीस!"

"शेवाळ विकायला निघाले होते मी! मासा..." तिने फोन उचलला. "सांगते गिऱ्हाइकाला. आणि तो खाण्याचा डबा आधी कुलपात टाका. आईला किल्ली दिलीत तर याद राखा."

डबा दात उपटायच्या पकडींच्या खणात कुलूपबंद झाला. दुकानदाराने शेवाळ चरणाऱ्या गोगलगाई दिल्या, डॉक्टरांनी नेमाने थोडं थोडं पाणी बदललं आणि दगड घासायचे सोडून दिले. लगेच काही झालं नाही. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मग हळूहळू दाढी विरळ झाली, मिश्या गळाल्या, प्रवाळाने अंग सैल सोडलं. डॉक्टरांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

एका सकाळी बायको टाकीसमोर वाकून उभी होती. दगडांवर सुरेख जांभळे ठिपके उमटले होते.

"काय गोड रंग आहे हो! हेच आधीपासून का नव्हतं? एकदाचं ते मेलं शेवाळ गेलं, म्हणून दिसलं."

हा जांभळा थरही शेवाळाचीच एक जात, फक्त टाकीला हवीहवीशी, असं दुकानदाराने डॉक्टरांना कालच सांगितलं होतं.

"हो ना," डॉक्टर म्हणाले. "फारच गोड." आणि पुढचा पेशंट आत घेतला.