झाडांसाठी पाणी

ओमकार सरांच्या वर्गाला नागरिकशास्त्र असं पाठ होतं, की पोरांना झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी मूलभूत हक्क घडाघडा म्हणून दाखवले असते. रोज सकाळी प्रार्थनेला संविधानाची उद्देशिका, तीपण तालासुरात. तपासायला आलेले साहेब खूश होऊन जायचे. निपाणीजवळच्या त्या सरकारी मराठी हायस्कुलात ओमकार गेस्ट टीचर होता. म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक, तीही शाळेच्या कमिटीनं मान हलवली तर. कमिटीचा अध्यक्ष भरमू अण्णा. पंचायतीचा मेंबरही तोच, आणि पंचायतीसमोरचं मंगल कार्यालयही त्याचंच.

वर्षातनं एकदा पंचायतीत मुलांची ग्रामसभा भरते. पोरांनी प्रश्न विचारायचे, पंचायतीच्या अधिकाऱ्यानं, म्हणजे पीडीओनं, उत्तर द्यायचं आणि ते सरकारी कागदावर चढवायचं. वाचायला लई भारी वाटतं. होतं ते असं, की हेडसर आधीच प्रश्न ठरवतात, चिठ्ठ्यांवर लिहून पोरांना वाटतात, आणि कुणी काय विचारणार ते पंचायतीला कळवून टाकतात. वाचनालय कधी होणार, खेळाचं सामान मिळेल का, असले बिनकाट्याचे प्रश्न. पीडीओ मॅडम गदगकडच्या, बोलणं कानडी. म्हणून पोरांनी मराठीत विचारायचं आणि ओमकारनं ते कन्नड करून सांगायचं. त्याचं कन्नड झकास. बेळगावात बीएड करताना खासबागेत खोली घेतलेली, घरमालकिणीच्या तोंडून उचललेलं.

यंदाच्या सभेत वाचनालयाचा प्रश्न नववीतल्या मैत्रीला आलेला. ती उठली. चिठ्ठी हातात होती, पण तिकडं तिनं बघितलंच नाही.

"मॅडम, शाळेच्या बाथरूमला पाणी न्हाय," ती म्हणाली. "लग्नं सुरू झाली की व्हॉल्व कार्यालयाकडं फिरवत्यात. आमी मुली सकाळपास्नं पाणीच पीत न्हाय, जायला लागू नये म्हणून. आमच्या वर्गातल्या दोघी तर पाळी आली की शाळेलाच येत न्हाईत. पाणी कधी येणार?"

भरमू अण्णा मंचावरच बसलेला. चिडला नाही, काही नाही. टोपी सारखी केली आणि ओमकारकडं बघितलं. हेडसरांनीही बघितलं.

ओमकारला हे पाण्याचं माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या वर्गाला शिकवत होता, आरोग्याचा हक्क फळ्यावर लिहून देत होता, आणि समोर बसलेल्या पोरी तहान मारून बसतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचीच लाज वाटायला पाहिजे होती. पण त्या घटकेला डोक्यात आला तो जून महिना.

तो मॅडमकडं वळला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "मुलगी म्हणते, शाळेला जास्तीचं पाणी मिळालं तर आवारात झाडं लावता येतील."

पाणी हा शब्द त्यानं मुद्दाम ठेवला. थोडं खरं कालवलं की खोटं घशाखाली उतरतं.

मैत्रीनं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बसली. मॅडमनी लिहून घेतलं आणि वनखात्याकडनं रोपं मागवून देऊ म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

आता, त्या हॉलात कन्नड न कळणारा एकही माणूस नव्हता. मेंबरांना कळत होतं, चहा घेऊन आलेल्याला कळत होतं, पोरांना तर तो शाळेचा विषयच. सगळ्यांनी दोन्ही वाक्यं ऐकली होती. तरी पहिल्या टाळ्या ओमकारच्याच वर्गानं वाजवल्या. वर्गातला वात्रट युवराज सगळ्यात जोरात वाजवत होता. एकाही पोराच्या तोंडावर नवल नव्हतं. सर असंच करणार, हे जणू त्यांना पहिल्यापासनं माहीत होतं. उद्देशिकेसारखं हेही पाठ झालेलं.

सभा उठल्यावर भरमू अण्णानं चिवड्याची बशी ओमकारपुढं सरकवली.

"सर, तुमचं कन्नड म्हंजे निव्वळ लोणी हाय बघा. जूनची काळजी सोडा आता."

"तुमची कृपा, अण्णा," ओमकार म्हणाला, आणि चिवडा खाल्ला. खाल्ला म्हणजे संपवला.

बाहेर मॅडम स्कुटी काढत होत्या. त्यानं वाकून नमस्कार केला. मॅडम कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "सर, चार वरीस झालं मी इकडं. मराठी कळतंय मला."

"मग मॅडम, तुम्ही..."

"तिचं बोलणं तुम्ही कन्नडात सांगितलं असतं तर लिहावंच लागलं असतं. तुम्हीच सांगितलं नाही. मेंबर शेजारी बसलेले, मी आपणहून कसं लिहू?" त्या थोडं हसल्या. एका माळेचा मणी दुसऱ्या मण्याकडं बघून हसावा तसं.

दुसऱ्या दिवशी ओमकारनं मैत्रीला व्हरांड्यात बोलावलं. रात्रभर मनात बरंच जुळवलेलं, पण तोंडातनं निघालं भलतंच.

"तुला कन्नड येतंय न्हवं गं?"

"येतंय की सर. आई बिड्या वळायला कानडी बायकांत बसती. मीबी लहानपणापास्नं तिथंच."

"मग मॅडमना तूच का न्हाय सांगितलीस?"

"तुमीच म्हणला हुता, मराठीत विचारा, कन्नड मी करतो." ती सरळ त्याच्याकडं बघत होती. "मला वाटलं, सर करतील."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द त्याच्या ओठापर्यंत आले आणि तिथंच अडकले.

"बरं, पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशाला सर? आज मधल्या सुट्टीत आमी तिघी पंचायतीत जाऊन येतो. जाऊ का?"

"हेडसरांना विचार."

विचार करायच्या आधीच ते तोंडातनं निघून गेलं. स्वतःच्याच कानावर पडलं तेव्हा त्याला कळलं, की आपल्यातला हा माणूस काही सभेपुरताच भ्याला नव्हता.

"बरं सर," म्हणून ती वर्गात गेली.

मधल्या सुट्टीत फाटकावर उभं राहायची पाळी ओमकारचीच होती. तिघी आल्या. हेडसरांच्या खोलीवरनं आल्या, पण तिथं थांबल्या नाहीत. मैत्री त्याच्यासमोर येऊन जराशी रेंगाळली. त्यानं फाटकाची कडी काढली आणि रस्त्यावर काही दिसल्यासारखं करून तिकडं तोंड फिरवलं. तिघी बाजूनं निघून गेल्या. चपलांचा आवाज पंचायतीच्या दिशेनं गेला.

थोड्या वेळानं हेडसर बाहेर आले.

"त्या पोरी कुठं चालल्यात वं? कुणाला विचारून?"

"पंचायतीत," ओमकार म्हणाला. "पाण्याचं विचारायला. मी पाठवलंय."

हेडसर बघतच राहिले. "तुमी? शुद्धीत हायसा न्हवं? हे भरमू अण्णांना सांगू व्हय मी?"

"सांगा."

हेडसर फोन काढत खोलीकडं गेले. आता जून गेल्यातच जमा होता, त्याचं ओमकारला एवढं काही वाटलं नाही. दोन दिवसांत तोंडातनं निघालेलं हे पहिलं धडाचं वाक्य, आणि तेही खोटं. पाठवलं त्यानं कुठं होतं? पोरी आपल्या पायानं गेल्या होत्या.

कडी अजून हातातच होती. पंचायत इथनं दिसत होती. जायचं म्हटलं तर त्यालाही जाता आलं असतं.

तो फाटकातच उभा राहिला.