मॅनेजरची टाकी

"जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस कोसळणार आहे. प्रश्न एवढाच, की त्या वेळी खाली कोण उभं असेल."

दादांनी हे स्वयंपाकघराच्या चौकटीवर हात ठेवून सांगितलं. वाक्याला शोभेल असा विराम घ्यायला मान खाली घातली, आणि त्यांचा चष्मा हातातल्या चहाच्या कपात पडला.

वहिनींनी तो चमच्याने बाहेर काढला, फडक्याला पुसून परत दिला. "खाली चहा उभा होता. बरं, टाकीचं काय ते सांगा."

दादा म्हणजे बांधकाम तपासणी खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं ते जिने, गच्च्या आणि सज्जे ठोकत हिंडले. छोटी पितळी हातोडी खिशात असायची. वस्तूवर टकटक करायची, आवाज ऐकायचा, मान हलवायची. शिक्के दोन होते. 'वापरण्यास योग्य' आणि 'वापरण्यास अयोग्य'. निवृत्तीच्या दिवशी पहिल्या शिक्क्याचं रबर इतकं कोरं होतं, की कारकुनाने तो नव्या साहेबांना नवा म्हणून दिला.

बायकोला सारी गल्ली वहिनी म्हणायची, कारण दादांना सारी गल्ली दादा म्हणायची. पण खरा दादा म्हणणारा एकच होता, सख्खा धाकटा भाऊ. आणि तो नऊ वर्षं त्यांना काहीच म्हणत नव्हता. फोन करायचा तो वहिनींना. दादांनी उचलला तर "वहिनी आहेत का?" एवढंच विचारायचा, जणू दादा म्हणजे घरातला गडीच.

टाकी त्याचीच. काचेची, चार फूट लांब. धाकट्याचं एकेकाळी शोभेच्या माशांचं दुकान होतं. ते बंद झालं, तेव्हा त्यातला एकच मासा त्याने ठेवला. सोनेरी, थोराड, एका डोळ्याने आंधळा. दिवसभर एका जागी थांबून नुसती तोंडाची उघडझाप करायचा, काम शून्य, म्हणून त्याचं नाव मॅनेजर. आता धाकटा लेकीकडे कायमचा राहायला निघाला होता आणि लेकीकडे दोन मांजरं होती.

म्हणून टाकी टेम्पोतून दादांकडे आली. येताना खालच्या कोपऱ्याजवळ टवका उडाला, आणि तिथून बोटभर रेघ समोरच्या काचेवर चढली.

धाकटा फोनवर वहिनींना म्हणाला, "दादाला विचारा. तो चालेल म्हणाला तर रविवारी मॅनेजरला घेऊन येतो. नाही म्हणाला तर बागेतल्या तळ्यात सोडतो."

"अहो भाऊजी, तळ्यावर बगळे आहेत!"

"म्हणून तर म्हटलं, दादाला विचारा."

नऊ वर्षांनी धाकट्याने दादांना काहीतरी विचारलं होतं. दादांनी ते वहिनींकडून तीनदा वदवून घेतलं. "'दादाला विचारा' म्हणाला? की 'विचारून बघा' म्हणाला?"

मग मंगळवारपासून तपासणी सुरू झाली. टाकीखाली भक्कम टेबल. टेबलावर पाणसळ, बुडबुडा बरोब्बर मध्ये येईपर्यंत पायांखाली पुठ्ठे. रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं नाही तर चरा, अडकलं तर तडा. नख अडकलं. दादांचा चेहरा पडला. भिंगातून पाहिलं. रेघ जोडाच्या सिलिकॉनपर्यंत पोचत नव्हती. चेहरा थोडा वर आला.

तडा वाढतोय का हे पाहायला टोकाशी खूण करायची असते. खडू काचेवर बसेना. दादांनी वहिनींची लिपस्टिक घेतली.

"भाच्याच्या लग्नात एकदाच लावली होती हो!"

"मग एकदा वापरलेली वस्तू आहे. चालेल."

खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं आणि बुधवारी पाव टाकी भरली. गुरुवारी अर्धी. शुक्रवारी पाऊण. दर तासाला दादा गुडघे टेकून कागद चाचपायचे. कागद कोरडा, खूण जागच्या जागी. शनिवारी टाकी काठोकाठ भरली. रविवारी सकाळीही कागद कोरडा ठणठणीत होता, इतका की दादांनी त्यातलं शब्दकोडं सोडवलं.

"मग चालेल ना?" वहिनींनी विचारलं. "कळवू भाऊजींना?"

दादांनी कागद पुन्हा एकदा चाचपला. त्यांना 'चालेल' म्हणायचं होतं. पण हा शब्द त्यांनी एकदा गिळला होता, आणि तो अजून घशातच होता.

नऊ वर्षांपूर्वी धाकट्याच्या दुकानातल्या लाकडी माळ्याची फाईल त्यांच्याच टेबलावर आली होती. ती दुसऱ्या निरीक्षकाकडे सरकवता आली असती. पण दादांना वाटलं, लोक म्हणतील, भावाला वाचवलं. नियमाप्रमाणे माळ्यावर वाळूची तीस पोती ठेवायची. तीस पोत्यांना माळा तसूभर हलला नाही. दादांनी पन्नास आणवली होती. कोणी बोट दाखवायला नको! अठ्ठेचाळिसाव्या पोत्याला तुळई कडाडली. धाकटा बाहेर फुटपाथवर उभा होता, त्याला फक्त आवाज ऐकू आला. दादांनी अहवालात लिहिलं, 'भारचाचणीत तुळई तडकली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोत्यांचा आकडा तेवढा नव्हता. शिक्का 'अयोग्य'चा बसला आणि दुकान बंद पडलं.

"मागचं उगाळत बसू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांना आकडा माहीत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता. "चार दिवस कागद चाचपताय. आता टाकीवर नाही तर स्वतःवर तरी विश्वास ठेवा. मी फोन लावते. या म्हणते."

वहिनी फोन लावायला आत गेल्या. दादा टाकीसमोर एकटे उरले. सगळं ठीक होतं. फक्त आवाज ऐकायचा राहिला होता. चौतीस वर्षांत आवाज न ऐकता त्यांनी एकाही वस्तूला पास केलं नव्हतं. केलं असतं तरी विशेष फरक पडला नसता, पण सवय ती सवय. खिशातून हातोडी निघाली. एकदाच, अगदी हलके.

टक.

आवाज उत्तम आला. खणखणीत, भरीव. दादांनी समाधानाने मान हलवली, आणि मान वर येते न येते तोच रेघ लिपस्टिकची खूण ओलांडून चर्रकन वर गेली, काठापर्यंत. पाण्याची पातळ चादर काचेवरून उतरली. शब्दकोडं आधी भिजलं, मग टेबल, मग दादांचे पाय.

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, निघालेत ते! दादा चालेल म्हणाला, असं मीच ठोकून दिलं!"

अर्ध्या तासाने दार वाजलं. तोवर टाकी कोपऱ्यात रिकामी उभी होती आणि वहिनी खसाखसा फरशी पुसत होत्या. पुसण्याचा आवाजच पुरेसा होता. त्यांनी एकदाच मान वर केली. "सांगा, तडा होताच म्हणून. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. दादांना असली वाक्यं पाठ होती.

दारात धाकटा उभा होता. केस पार पांढरे झाले होते. ते कधी झाले, हे पाहायचं दादांचं राहून गेलं होतं. हातात झाकणाची बादली, बादलीत मॅनेजर. धाकट्याने ओली फरशी पाहिली, टाकी पाहिली, दादांच्या खिशातून डोकावणारा पितळी दांडा पाहिला.

"वाजवून बघितलीस?"

"टाकी चांगली होती," दादा म्हणाले. "चार दिवस एक थेंब गळला नाही. मी फोडली." मग पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं, बहुधा ते नऊ वर्षं दारातच उभं होतं. "माळाही चांगला होता. तीस पोती ठेवायची असतात. मी पन्नास मागवली."

धाकट्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. आत पाणी डुचमळलं.

"कितव्याला गेली तुळई?"

"अठ्ठेचाळिसाव्या."

"म्हणजे माझा माळा अठ्ठेचाळीस पोती पेलत होता."

"सत्तेचाळीस," दादा म्हणाले, आणि जीभ चावली.

वहिनींचं फडकं थांबलं. धाकट्याच्या ओठांचा कोपरा हलला, पण ते हसू होतं की दुसरं काही, हे ठरवायला दादांकडे शिक्का नव्हता. माफ केलं म्हणावं, तर तो तसं म्हणाला नाही. निघून जावं, तर तो हललाही नाही. नऊ वर्षं दोघांच्या मधे, उंबरठ्यावर, ओल्या फरशीसकट उभी होती.

"दादा," शेवटी धाकटा म्हणाला.

"बोल."

"आधी ही बादली धर. हात भरून आलाय."