नाताळ उलटल्यावरची प्रार्थना

“माझी कात्री कुठे लपवलीत?” टेलरबाईंनी नवऱ्याला, मिस्त्रींना, दारातच गाठलं.

मिस्त्रींनी फ्रिज उघडला. कात्री दुधाच्या पिशवीशेजारी होती.

“बघा! ठेवणाऱ्यालाच बरोबर ठाऊक.”

“अगं, मी कशाला ठेवू तिथं?”

“मला काय विचारता? चोराच्या मनात चांदणं!”

मिस्त्री हसले नाहीत. “प्रार्थनेला जाऊन येतो. शेजारच्या काकू बसतील तुझ्यापाशी,” एवढं म्हणून ते निघाले.

म्हणजे पहारा! बाई मनात धुमसल्या. मिस्त्रींनी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. चर्चमध्ये जायचे ते नाताळला आणि ईस्टरला. “लोकांना वर न्यायचं काम मी बाकीचे दिवस करतोच की,” असं वर पाळकांनाच ऐकवायचे. आणि यंदा नाताळ झाला, दारावरचा तारा उतरला, लोक आपापल्या कामाला लागले, तेव्हा या गृहस्थांना रोज संध्याकाळी देव आठवायला लागला. पाणी कुठंतरी मुरत होतं. कुठं, तेही बाईंना माहीत होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी ती विधवा! केस रंगवते, ‘दादा, दादा’ करते. रविवारी दोघं पायरीवर कुजबुजत होती. बाई दिसताच गप्प. दादा म्हणे!

आज रंगेहाथ पकडायचं. काकूंना “अंघोळ करते” सांगून बाई मागच्या दारानं सटकल्या. कोपऱ्यावर जरा अडायला झालं. मेल्या दुकानदारांनी पाट्या बदललेल्या दिसत होत्या, नाहीतर बाई डोळे झाकून गेल्या असत्या. शेवटी घंटा ऐकू आली आणि त्या आवाजामागं त्या पोचल्या.

शेवटच्या बाकावर, खांबाआड त्या बसल्या. ऑर्गनवाली आपल्या जागी होती. मिस्त्री पुढं, एकटेच. नाटकं नुसती!

पाळक बोलत होते. “गव्हाणीतलं बाळ बारा वर्षांचं झालं. सणाहून परतताना मागं राहिलं. आईबापांना वाटलं, सोबतच आहे. दिवसभराची वाट चालून गेले, तेव्हा कळलं. मग काय, ‘तुझं लक्ष कुठं होतं’ म्हणून भांडत बसले? नाही. मागं फिरले, शोधत.”

मग प्रार्थना सुरू झाल्या. तिथली पद्धत अशी, की ज्याला मागायचं त्यानं उभं राहायचं, नाव न घेता फक्त नातं सांगायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं, “प्रभू, ऐक.” कुणी आईसाठी मागितलं, कुणी जावयासाठी.

मिस्त्री उठले.

“बायकोसाठी. माझ्या शेजारी बसूनच ती हरवत चाललीय, प्रभू. वस्तू भलतीकडं ठेवते आणि मला चोर म्हणते. डॉक्टर म्हणतात, संशय हा आजाराचाच भाग आहे. म्हणू दे चोर. पण काल मी ओरडलो तिच्यावर. ती घाबरून कोपऱ्यात जाऊन बसली. आयुष्यात कधी मला घाबरली नव्हती. मला धीर दे.”

“प्रभू, ऐक,” सगळे म्हणाले.

काल? बाईंनी काल आठवून पाहिला. ओरडणं आठवेना, कोपरा आठवेना. कालचा दिवसच सापडेना. आणि मग आला राग. एवढी मोठी गोष्ट, ऑर्गनवालीपासून काकूंपर्यंत साऱ्यांना माहीत, आणि जिची आहे तिलाच पत्ता नाही!

खांबाला धरून त्या उठल्या. बाकं वळली. मिस्त्रीही वळले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या चेहऱ्याकडं बघताना बाईंचा राग कुठल्या कुठं गेला.

“नवऱ्यासाठी,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “हे ओरडलेले मला आठवत नाही, प्रभू. ह्यांनाही आठवू देऊ नकोस.”

पहिलं “प्रभू, ऐक” ऑर्गनपाशी उमटलं. मागून बाकीच्यांचं.

मिस्त्री उठून मागं आले. बाईंनी बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.

पुढं कुणीतरी भावासाठी मागायला उभं राहिलं. “प्रभू, ऐक,” दोघं एकदम म्हणाली.