हाकाऱ्याच्या टोकाची वाट

पोर्थकॅरो गावाच्या वर, कड्याकडेनं चढत जाणाऱ्या वाटेच्या शेवटी, समुद्रात घुसलेलं एक टोक आहे. त्याला हाकाऱ्याचं टोक म्हणतात. पूर्वी तिथल्या दगडी खोपटीत एक माणूस बसायचा आणि माशांचा थवा दिसला की खालच्या होड्यांना हाका घालायचा. मासे गेले, हाकाऱ्या गेला. हाक तेवढी लव्हडे आत्यांनी धरून ठेवली. त्यांची हाक म्हणजे एक पांढरा टेबलक्लॉथ.

लव्हडे ट्रेंबाथ माझ्या शेजारच्या, पण आत्या साऱ्या गावाच्या. नवरा गेल्यावर मुलानं, जोरीनं, बापाची होडी विकली. आत्या भडकल्या. "या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस," म्हणाल्या. पोरानं आईचं एवढं एकच ऐकलं. शेजारच्या बंदरात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर, मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, कामाला लागला, तो फिरकलाच नाही.

पण ट्रॉलर बाहेर पडताना टोकाखालूनच जायचा. आत्या खोपटीपाशी उभ्या राहून टेबलक्लॉथ झटकायच्या, खालून भोंगा वाजायचा. मायलेकांमध्ये एवढंच बोलणं उरलं होतं.

"मी काही हात हलवत नाही हां," आत्या मला बजावायच्या. "फडकं झटकतेय. घरात फार धूळ झालीय."

वाटेवर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, खाली निळं, खोल पाणी. आत्या चढताना गुणगुणायच्या:

वाट गं वाटुली, कड्याकडेनं धावली,
दर्यावरच्या लेकाची साद कानी घावली.

ही वाट म्हाताऱ्या नॅनकॅरोंच्या शेतातून जायची. ते वारले आणि शेत लंडनच्या हॅलम नावाच्या माणसानं घेतलं. आठवडाभरात काटेरी तार आली, 'खासगी'ची पाटी आली. गावानं दाद मागितली. चौकशीसाठी सरकारी अधिकारी आले, प्रार्थनाघरामागच्या दालनात खुर्च्या मांडल्या.

आमच्या वकिलांनी आदल्या दिवशीच समजावलं होतं, "वीस वर्षं लोक उघडपणे, कुणाची परवानगी न घेता चालले असतील, तर वाट लोकांची. आत्या, विचारतील तेवढंच सांगा. रोज चालत होते, बस."

"मला काय बोलायला शिकवता?" आत्या म्हणाल्या. पण मान डोलावली.

हॅलमचा वकील मऊ आवाजाचा होता. "मिसेस ट्रेंबाथ, शेत दुसऱ्याचं आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं की."

"तरी आत शिरत होता. गुपचूप?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांचे कान लाल झाले.

"गुपचूप? मी काय कोंबड्या चोरायला जात होते? अहो, पहिल्याच वर्षी नॅनकॅरोसाहेबांच्या दारात जाऊन विचारलं मी. म्हणाले, खुशाल जा, लव्हडे, आणि गावालाही सांग, माझी सगळ्यांना परवानगी आहे. रविवारी प्रार्थनाघराच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं. दर नाताळला गावाच्या वतीनं केशराचा केक नेऊन द्यायची त्यांना, उरलेला गावात वाटायची. विचारा या लोकांना! सांग की गं पोरी, तूही खाल्लायस त्यातला!"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. आमच्या वकिलांनी पेनला टोपण लावलं.

"आभारी आहे," तो मऊ आवाज म्हणाला. "म्हणजे सारं गाव परवानगीनंच चालत होतं."

"मग काय तर!" आत्या ताठ मानेनं माझ्याशेजारी येऊन बसल्या. कानाशी लागून म्हणाल्या, "बरं बोलले ना मी?"

निकाल लागला. वाट गावाची नव्हती, कधीच नव्हती. फिरणाऱ्यांसाठी बाण रंगवलेली नवी पाटी लागली. ती डांबरी रस्त्यानं, उंच कुंपणांच्या मधून नेते. समुद्राचा नुसता वास येतो.

बेकरीत आत्या पेस्टी, मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, घ्यायला गेल्या, तर गल्ल्यावरून हेडली म्हणाला, "आत्या, आधी हॅलमसाहेबांची परवानगी आणा." सगळं दुकान हसलं. यातल्या प्रत्येकानं त्यांच्या हातचा केक खाल्ला होता. आत्या पेस्टी न घेताच परतल्या.

ट्रॉलर निघायचा दिवस आला तशा आम्ही तारेपाशी जाऊन उभ्या राहिलो. तिथून टेकाडाची पाठ दिसते आणि वर आभाळ. भोंगा वाजला. आत्या टेबलक्लॉथ झटकू लागल्या. भोंगा पुन्हा वाजला, मग लांबच लांब, ओरडल्यासारखा. कापडाची कड तारेत अडकून फाटली.

"आत्या, त्याला दिसत नाहीये हो."

"आंधळी नाहीये मी." तरी त्या झटकत राहिल्या.

"मी तारेखालून जाते. तुमच्या जागी उभी राहते."

"म्हणजे त्याला वाटेल, म्हातारी मेली आणि फडकं शेजारणीला मिळालं."

पुढच्या खेपेला भोंगा एकदाच वाजला, तोही आखूड. त्यानंतर ट्रॉलर मुकाट जाऊ लागला. आत्या दारात उभ्या राहून वाऱ्याकडे कान लावायच्या आणि मग आत येऊन किटली चढवायच्या. गुणगुणणं थांबलं होतं.

एकदा मला राहवलं नाही. "फोन करा त्याला. वाट बंद झालीय म्हणून सांगा. घरी येतोस का, म्हणून विचारा. दोन शब्द तर आहेत, आत्या."

त्यांनी टेबलक्लॉथ मेजावर पसरला, फाटकी कड भिंतीकडे केली आणि तळहातानं सुरकुत्या सारख्या केल्या.

"विचारून काय होतं, ते बघितलंस ना, पोरी," म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यात चहाचा कप ठेवला.